पाचव्या शीलाची गळती

आमचे घरमालक खोटं बोलत नसत. त्यांच्याबद्दलची माझी पहिली तक्रार हीच.

पीएचडीसाठी हॅनोव्हरला आले तेव्हा खोली शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले होते. कुणीतरी सांगितलं की एक नागपूरकर जोडपं आपल्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने देतं. मी गेले. काकांनी दार उघडलं, मला बसवलं आणि खोली दाखवायच्या आधी तिचे दोष सांगायला घेतले.

"ऊन येत नाही. खिडकीखाली ट्राम वळते, ती करकरते. हीटिंग उशिरा तापतं. हिचा स्वभाव त्याच्या आधी तापतो. आणि मी रोज संध्याकाळी बिअर पितो."

"थोडीशी चालते हो काका," मी समजूतदारपणा दाखवला.

"थोडीशी नाही. थोडीशी म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीला चहा तरी घेऊ द्या आधी!" मी खोली घेतली. इतकं खरं बोलणाऱ्या माणसाच्या घरात आणखी काही लपलेलं नसणार, असं वाटलं. नव्हतंच.

काका पन्नाशी ओलांडलेले, अंगाने बारीक, घरातही सदऱ्याच्या खिशाला पेन. दर दोन वाक्यांनंतर "गेनाऊ" म्हणायचे, म्हणजे "अगदी बरोबर", आणि ते बहुधा स्वतःच्याच वाक्याला उद्देशून असायचं. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "काय पीएचडी, जेवलात का?" एवढंच. माझा विषय काँक्रीटला पडणाऱ्या भेगा. ह्या विषयाचं त्यांना भारी कौतुक, कारण त्यांचं स्वतःचं आयुष्य गळतीत गेलं होतं. पंपांना लागणारी रबरी सील बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. कुठलं सील कुठे पाणी सोडेल हे शोधायचं, हीच त्यांची नोकरी.

काका-काकू दोघंही बौद्ध. रविवारी सकाळी दिवाणखान्यातल्या बुद्धमूर्तीपुढे वंदना व्हायची आणि मीही मागे बसायची. पंचशील म्हणताना काकांचा आवाज खणखणीत लागे. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं, ह्या चारही गोष्टींपासून दूर राहण्याचं वचन ते स्वच्छ उच्चारात देत. आणि पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं शील आलं की तोंड मिटून बसत. ते काकू एकट्या म्हणायच्या, आणि जरा मोठ्यानेच.

मी एकदा विचारलं, "काका, नुसतं म्हणायला काय हरकत आहे?"

"संध्याकाळी मी पिणार हे मला सकाळी माहीत असतं. मग 'पिणार नाही' म्हटलं की चौथं मोडतं. एक मोडतंय ते पुरे आहे, दोन कशाला मोडू? माझ्या पाचव्या सीलला गळती आहे, पीएचडी. बाकीची चार घट्ट बसलीत. गेनाऊ."

बुद्धपौर्णिमेला गावातली मराठी मंडळी हॉल घेऊन जमायची, तिथेही हाच प्रकार. लोक पाठीमागे त्यांना 'चारशीलवाले काका' म्हणत. मग समोरही म्हणू लागले. काकांनी ते पदवीसारखं स्वीकारलं.

एकदा संध्याकाळी ते सायकल हातात धरून पायी घरी येत होते. दिवा लागत नाही म्हणून एका तरुण पोलिसाने थांबवलं. काका म्हणाले, "मी प्यालेलो आहे, म्हणून चालवत नाही, ढकलतो आहे." पोलीस म्हणाला, छान, असंच करावं. काकांचं समाधान होईना. काय प्यालो, केवढ्या ग्लासात, सोबत काय खाल्लं, सगळं त्यांनी सांगितलं. पोलिसाने "शुभ संध्याकाळ" म्हणून कशीबशी सुटका करून घेतली, तर हे त्याच्या मागे गेले, कारण श्नाप्सचा, म्हणजे कडक दारूचा, एक छोटा ग्लास सांगायचा राहून गेला होता.

हे आठवलं की मला अजून हसू येतं. घरात मात्र त्याचं कुणाला हसू येत नसे.

जर्मनीत प्रत्येक फ्लॅटला इमारतीच्या तळघरात एक जाळीची खोली मिळते. तिला केलर म्हणतात. लोक तिथे सायकली, सुटकेसा, जुने टायर ठेवतात. काका तिथे स्वतःला ठेवायचे. घरात बुद्धमूर्ती आहे, तिच्यापुढे प्यायचं नाही, हा त्यांचा नियम. कामावरून आले, सूप प्यायले, की खाली. एक घडीची खुर्ची, बिअरचं एक क्रेट आणि समोर शेजाऱ्यांची कपडे धुण्याची यंत्रं गरगरताहेत. झोपायच्या वेळी भिंत धरत वर येत. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, हात उगारणं तर नाहीच.

"भांडले असते तर बरं झालं असतं," काकू मला भाजी निवडताना म्हणाल्या. "भांडायला तरी माणूस घरात लागतो ना."

सोडायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं नाही. गोळ्या झाल्या, गोलात बसून बोलणं झालं, एकदा महिनाभर क्लिनिकमध्ये राहून आले. दर वेळी काही दिवस बरे जायचे, आणि मग एका संध्याकाळी केलरच्या दाराचा तो ओळखीचा आवाज यायचा. यकृताबद्दल डॉक्टर जे बोलले होते ते काका जेवताना आम्हाला तपशीलवार सांगत, भात वाढून घेत.

मग एका वसंतात काकूंनी नागपूरचं तिकीट काढलं. ऑक्टोबरचं, अशोक विजयादशमीच्या आधीचं.

"परतीचं कधीचं आहे?" काकांनी विचारलं.

"परतीचं नाही काढलं." काकू शांतपणे म्हणाल्या. "ताईचा फ्लॅट आहे तिथे, मैत्रिणी आहेत. इथे मी नुसती तळघराची राखण करते. तोवर सुटली तर बघू."

काकांनी सूप संपवलं, "गेनाऊ" म्हणाले आणि खाली गेले. काकू ताटं धूत राहिल्या. ह्या बाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मला काकांचा इतका राग आला की मी पुढचे कितीतरी दिवस त्यांच्याशी फक्त हो-नाही बोलले.

आमच्या मेन्झात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, मला ती सूचना दिसली. दुसऱ्या एका शहरातल्या इस्पितळात चाचणी चालू होती. ज्यांची दारू सुटत नाही त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली सायलोसायबिन द्यायचं. हे म्हणजे भास घडवणाऱ्या मशरूममधलं द्रव्य. आधी बरंच बोलणं, नंतर बरंच बोलणं, आणि मधे एक दिवस ते द्रव्य. गुण येतो की नाही हेच त्यांना शोधायचं होतं, त्यामुळे कुणी छातीठोकपणे काही सांगत नव्हतं. मी काकूंना सांगितलं.

"मशरूम?" काकू म्हणाल्या. "एवढंच ना?"

दुसऱ्या दिवसापासून घरात मशरूमची भाजी सुरू झाली. मशरूम मसाला, मशरूम पुलाव, डब्यात मशरूमची सुकी भाजी. मी त्यांना परोपरीने समजावलं की सुपरमार्केटमधल्या पांढऱ्या मशरूमचा ह्याच्याशी काही संबंध नाही. "असू दे, जात तर एकच ना," म्हणाल्या. रोज जेवण झालं की विचारायच्या, "अहो, काही वाटतंय का?"

"भाजी उत्तम झाली आहे," काका म्हणायचे. "इच्छा आहे तशीच आहे." आणि खाली जायचे.

शेवटी खऱ्या चाचणीचा विषय निघाला तेव्हा काकांनी साफ नकार दिला. कारण ऐकून आम्ही दोघींनी हात टेकले. पाचवं शील! मशरूमची नशा म्हणजे नशाच, आणि ती शीलात बसत नाही.

"अहो, रोज संध्याकाळी मोडता ते काय मग?" काकूंचा आवाज चढला.

"ते माझ्या हातून मोडतं. हे ठरवून, सही करून, डॉक्टरांच्या साक्षीने मोडायचं. ह्यात फरक आहे."

नागपूरच्या ओळखीच्या भन्तेजींना फोन लागला. काकांनी प्रश्न मांडला. भन्तेजी म्हणाले, औषध म्हणून, भान यावं म्हणून घेत असाल तर तुमच्या मनालाच विचारा, आणि सहज विचारलं की उपासक, सध्या पिणं किती आहे? काकांनी सांगायला सुरुवात केली. बरंच ऐकून घेतल्यावर भन्तेजी मधेच म्हणाले, "उपासक, तुम्ही जा त्या इस्पितळात. उद्याच जा."

तिथल्या डॉक्टरीणबाई काकांवर खूश झाल्या. पिणारे लोक कमी करून सांगतात, ह्याची त्यांना सवय होती. रक्ताच्या तपासणीत दिसलं त्याहून जास्त सांगणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी एक शंका काढली. त्या अवस्थेत माणूस बहुधा आईच्या भाषेत बोलायला लागतो, तेव्हा मराठी कळणारं कुणी सोबत असावं. ईमेलांची बरीच देवाणघेवाण होऊन त्या जागी माझी नेमणूक झाली. भेगांचा अभ्यास करायला आलेली मी, अशी भासांची दुभाषी झाले. काकू म्हणाल्या, "मी मुळीच येणार नाही." आणि चाचणीच्या दिवशी पोळीभाजीचा डबा घेऊन आमच्याआधी स्टेशनवर उभ्या होत्या.

इस्पितळात काकू बाहेर बाकावर बसल्या. आत सोफा, पांघरूण, मंद संगीत. कॅप्सूल घेण्याआधी काकांनी उभं राहून जाहीर केलं, "हे मी भान घालवायला घेत नसून भान यायला घेत आहे. नोंद व्हावी." मी भाषांतर केलं. मग डोळ्यांवर पट्टी बांधून ते आडवे झाले.

बराच वेळ काहीच होईना. काहींना रिकामी कॅप्सूल देतात हे आम्हाला सांगितलं होतं, तेव्हा मला वाटलं आमच्या वाट्याला तीच आली. तेवढ्यात काका म्हणाले, "पीएचडी, ह्या गाण्याला गळती आहे." मग म्हणाले, रंग गळतोय, निळा जास्त गळतोय, वॉशर बदला. मग खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या कपडे धुण्याच्या यंत्राची त्यांनी मनापासून माफी मागितली, इतकी वर्षं त्याच्याकडे टक लावून पाहिल्याबद्दल. डॉक्टरीणबाईंनी जर्मनमध्ये विचारलं, कसं वाटतंय? काकांनी मला विचारलं, "ह्या कोणती भाषा बोलतात?" अर्धं आयुष्य बोललेली जर्मन गेली होती, पार धुऊन निघाली होती.

आणि इथे घोटाळा झाला. जर्मनमध्ये 'हो'ला 'या' म्हणतात. डॉक्टरीणबाईंची धीर द्यायची पद्धत अशी की रुग्ण काहीही बोलला की हलक्या आवाजात "या... या..." म्हणायचं. हो, असू दे, मी ऐकते आहे.

काका ऐकत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम लग्नघरी आल्यासारखा आनंद पसरला.

"आलो," ते म्हणाले.

"या," डॉक्टरीणबाई मायेने म्हणाल्या.

"आलो, आलो!" काका उठले, पट्टी कपाळावर सरकवली, मोजे सारखे केले आणि हात जोडून त्यांच्या दिशेने निघाले.

धरायचं नाही, ओढायचं नाही, सोबत राहायचं, असा तिथला नियम. डॉक्टरीणबाई एक पाऊल मागे सरकल्या आणि समजुतीने म्हणाल्या, "या, या." काका पुढे. त्या आणखी मागे. मी म्हणाले, "काका, त्या नुसतं हो म्हणताहेत!" काका म्हणाले, "हो ना, किती आग्रह करताहेत." मी डॉक्टरीणबाईंना घाईघाईने समजावलं की तुमचा 'या' आमच्या भाषेत बोलावणं आहे. "आख, या!" त्या म्हणाल्या, आणि काकांनी वेग वाढवला. असे आम्ही तिघं खोलीबाहेर आलो. पुढे उलट्या चालणाऱ्या डॉक्टरीणबाई, मागे मोज्यांवर हात जोडलेले काका, त्यांच्या मागे मी.

बाकावरून काकू उठल्या. "अहो! कुठे निघालात?"

"ह्या बोलावताहेत," काका म्हणाले. "या म्हणताहेत गं मला. कुणीतरी या म्हणतंय."

"परक्या बाईने या म्हटलं की निघालात लगेच!" काकूंचा आवाज अख्ख्या कॉरिडॉरमध्ये घुमला. "आणि मी? त्या केलरच्या दारात उभी राहून किती वर्षं म्हणत होते, अहो वर या, वर या! तेव्हा कान कुठे होते?"

काका थांबले. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. "तू म्हणायचीस," ते म्हणाले. "मी खाली बसून ऐकायचो. बरं वाटायचं. वाटायचं, आणखी एकदा म्हणेल. मग एक दिवस तू म्हणालीच नाहीस. त्यानंतर मी रोज वाट पाहिली." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. "मी तुला ह्या देशात आणलं आणि तळघरात जाऊन बसलो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला भाषांतर करता येईना. मी म्हणाले, ते सॉरी म्हणताहेत. ह्याहून निकामी भाषांतर मी आयुष्यात केलं नसेल.

काकूंनी डबा बाकावर ठेवला. पदराने स्वतःचे डोळे पुसले, मग त्याच पदराने काकांचे. "या," त्या म्हणाल्या. "आत या आता." आणि हात धरून त्यांना खोलीत घेऊन गेल्या. नियमात ते बसत नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंनी दार धरून ठेवलं. उरलेला सगळा वेळ त्या 'या' ऐवजी "हं" म्हणत होत्या.

एका कॅप्सूलने माणूस बदलला, असं सांगण्याइतकी मी भोळी नाही. त्यानंतर किती महिने दर आठवड्याला त्या डॉक्टरीणबाईंशी बोलणं चाललं होतं. मधे एकदा शेजाऱ्यांच्या ग्रिल पार्टीत काकांनी एक बाटली घेतली आणि ती बातमी स्वतःच काकूंना, मला, डॉक्टरीणबाईंना आणि इमारतीच्या रखवालदाराला दिली. रखवालदार म्हणाला, मीही घेतली होती. पण केलरची खुर्ची वर आली. आणि मग आमच्यावर वेगळंच संकट कोसळलं, कारण काका आता संध्याकाळभर घरात आणि शुद्धीत असत. भाजी खारट आहे, काकूंच्या मालिकेतली सून मूर्ख आहे, माझा नवा कोट मला शोभत नाही, हे सगळं ते विचारल्याशिवाय सांगत. "प्यायचे तेव्हा हे सगळं त्या यंत्रांना ऐकवायचे," काकू कपाळावर हात मारून घेत. पण चहा त्यांच्याशेजारी बसूनच घेत.

तिकिटाबद्दल मात्र घरात कुणी बोलेना. ते रद्द झालं नव्हतं, परतीचंही निघालं नव्हतं, आणि काकू ताकास तूर लागू देत नव्हत्या. सप्टेंबर संपता संपता त्यांनी बॅग काढली. मला राहवेना. मी विचारलं, "काकू, आता तर ते पीत नाहीत. मग?"

"पीत होते तेव्हा नुसती धमकी देता येत होती. जीव कसा धजावला असता सोडून जायला?" त्या साडीची घडी घालत म्हणाल्या. "आता जाता येतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणाने जाता येतंय, तर बघते जाऊन, काय वाटतं ते."

काका दारात उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि त्या वेळी ते "गेनाऊ" म्हणाले नाहीत.

निघायच्या दिवशी आम्ही दोघं काकूंना फ्रँकफर्टच्या गाडीत बसवायला हॅनोव्हर स्टेशनवर गेलो. गाडी उशिरा होती हे सांगायला नकोच. ती येताना ऐन वेळी फलाट बदलला. बॅगा ओढत, जिने उतरत-चढत आम्ही पोचलो तेव्हा बोलायला श्वास उरला नव्हता. काकांनी बॅग आत चढवली, खाली उतरले. काकू पायरीवर चढून वळल्या.

"येते," त्या म्हणाल्या.

आता निघताना कुठला मराठी माणूस "जाते" म्हणतो? कायमचं गाव सोडणाराही "येतो"च म्हणतो. मी असते तर "ये" म्हणून हात हलवला असता. पण काका ते काका.

"सवयीने म्हणतेस," त्यांनी विचारलं, "की खरं?"

दाराची शिटी सुरू झाली. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. ह्या माणसाने आयुष्यभर खरं बोलून त्यांना दमवलं होतं, आणि आता तो त्यांच्याकडे तेच मागत होता. मी मनातल्या मनात देव म्हणू नका, धम्म म्हणू नका, जे सापडेल ते धरून बसले होते.

"खरं," काकू म्हणाल्या. मग चिडून म्हणाल्या, "आणि मागे व्हा, दार लागतंय!"

दार लागलं, आणि गाडी हललीच नाही. ती तशीच उभी राहिली. काकू काचेआड, काका काचेबाहेर, दोघांचं बोलून संपलेलं. शेवटी काकूंनी आतून खुणा सुरू केल्या. फ्रीजमध्ये सूप आहे. मफलर गुंडाळा. वेळेवर झोपा. काका प्रत्येक खुणेला मान हलवून मोठमोठ्याने म्हणत होते, "या! या!" फलाटावरच्या लोकांना वाटत होतं, म्हातारा बायकोचं सगळं कबूल करतोय. मी शेजारीच उभी होते, आणि मला ते मराठीत ऐकू येत होतं.